शाळेच्या खिचडीचा टोप

मी एक जुना टोप आहे, मित्रांनो. दिघाशीच्या बाजूला एका गावच्या शाळेत, वर्गांमागच्या खोलीत मी पालथा पडून असतो. कड चेपली आहे, बूड घासूनही काळंच राहतं. भिवंडीच्या बाजारातून टेम्पोत घालून मला आणलं, तेव्हा मात्र माझ्यात तोंड दिसायचं!

शाळेत मी गोदूबाईंच्या हाती पडलो. त्या गावातल्याच, शेतकऱ्याच्या घरच्या. सकाळी चूल पेटवून त्या माझ्यात तांदूळ आणि मुगाची डाळ शिजत ठेवायच्या. फोडणीचा वास वर्गात पोहोचला की मुलांचे पाढे हमखास चुकायचे. गुरुजीसुद्धा हसायचे.

त्या मुलांत आदिवासी पाड्यावरची सोनल होती. पहिलीत ती उपाशीपोटी यायची आणि भिंतीला डोकं टेकून पेंगायची. दुपारचं जेवण मिळू लागलं, तशी तिची पेंग गेली. चौथीत एकदा ती धड्यातली गोष्ट खणखणीत वाचू लागली, तेव्हा गोदूबाई हातातलं काम टाकून दारात ऐकत उभ्या राहिल्या. खिचडी खाली लागली. पण त्या दिवशी कुणी कुरकुर केली नाही.

दिवाळी झाली आणि सोनलची आई देवकी शाळेत आली. त्या वर्षी घरची सगळीच माणसं वीटभट्टीवर निघाली होती.

"पोरीला न्यायाला आले," ती म्हणाली.

"भट्टीवर शाळा हाय का?" गोदूबाईंनी विचारलं.

"न्हाय. पन हितं तिला जेवाया कोन घालंल?"

"दुपारचं हितं हायच. रातचं माझ्या घरी."

देवकी खाली बघत म्हणाली, "आमची पोर तुमच्या घरात चालंल?"

"पयलीपासून माझ्या हातचं खाते ती. मग घरात का न्हाय चालनार?"

देवकी तिथंच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. सोनल राहिली. भट्टीचा ट्रक गेला त्या दुपारी तिनं ताटलीला हात लावला नाही. गोदूबाईंनी तिला चुलीजवळ बसवून एकेक घास भरवला.

चौथी पास होऊन ती आश्रमशाळेत गेली. नंतर ती मला कधी दिसली नाही.

आता जेवण गाडीतून, बंद डब्यांत येतं. गोदूबाई थकल्या. मुलं जेवतात, हे चांगलंच आहे. पण ताटल्यांची खणखण आणि "बाई, अजून वाढा ना!" ऐकू आलं की माझा जीव तुटतो. एकदा तरी पुन्हा चुलीवर चढावं, काठोकाठ भरावं, असं फार वाटतं.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणत नाही. पानातलं टाकू नका, एवढंच. आणि पंगतीत कुणी लाजून मागे राहिलं असेल, तर त्याला हाक मारून आपल्याशेजारी बसवा. एवढ्या पोरांना जेवू घातलं मी, पण हाक मारणं मला कधी जमलं नाही. तुम्हाला जमतं.