ढिगाऱ्यावरची बाग

वरोऱ्याकडची कोळसा खाण बंद पडल्यावर तिच्या मातीच्या ढिगाऱ्यावर झाडं लावून बाग केली होती. खाण चालू असताना एका पावसाळ्यात हाच ढिगारा ढासळला, तेव्हा मीराबाईचा नवरा धनपाल डोझरसकट मातीखाली गाडला गेला. त्याचं प्रेत कधी सापडलं नाही.

बाग उघडल्यावर लेक संघप्रिया तिला घेऊन आली. फाटकावरचा गार्ड कौतुकानं म्हणाला, "इथी आधी गवतबी नव्हतं, बाई. आता मोर येतेत."

"येऊ दे," मीराबाई म्हणाली.

वर बांबू दाट वाढले होते. संघप्रियानं हळूच विचारलं, "माय, बाबा कोणत्या बाजूले असन?"

मीराबाईनं चारीकडे पाहिलं. मशीननं सगळा उतार सारखा केला होता.

"मले नाई समजत."

संघप्रिया रडायला लागली. मीराबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. इथे आल्यावर आपण कोसळू, असं तिला वाटायचं. पण आत काहीच हललं नाही.

संघप्रियानं मेणबत्ती लावली, तसा गार्ड धावत आला. "ताई, वाळलं गवत हाय. आग नाई चालत."

मीराबाईनं स्वतःच फुंकर मारली. मग तिला भूक लागली, आणि दोघींनी बांबूच्या सावलीत बसून भाकर खाल्ली.