बाहेरचे खेकडे

व्हर्ना डॅशिएलने पहिलाच खेकडा उघडला आणि उजेडाकडे धरून पुन्हा पाहिला.

तिच्या प्रचाराच्या जेवणावळीसाठी अग्निशमन दलाच्या शेडमध्ये लांब टेबलांवर तपकिरी कागद अंथरला होता, त्यावर वाफाळत्या लाल खेकड्यांचे ढीग, आणि ढिगांभोवती हॅलोवेल काउंटीतली नेमकी तिला हवी असलेली माणसं: चेसापीकच्या खाडीत पिंजरे टाकणारे, त्यांच्या बायका, त्यांचे मेहुणे. मंगळवारी पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक होती. ती जिंकणारा नोव्हेंबरात काउंटीचा कारभारी होणार हे ठरलेलंच होतं, कारण दुसऱ्या पक्षाने उमेदवार शोधायचेही कष्ट घेतले नव्हते. कारभारी म्हणजे रस्ते, गटारं, पोलीसप्रमुख, अंदाजपत्रक, आणि कौन्सिलच्या ठरावावर फुली मारायचा हक्क. उत्तरेच्या नव्या वसाहतींची मतं तिचा प्रतिस्पर्धी ब्रँट केलर याच्या खिशात होती. व्हर्नाकडे होती फक्त खाडी. तिच्या प्रत्येक पाटीवर लिहिलं होतं, ‘खाडीची लेक’.

आणि हातातला खेकडा खाडीचा नव्हता. आपल्या खेकड्याच्या पोटातली चरबी कशी पिवळीधमक असते, तिला इथे मोहरीच म्हणतात. ही फिक्कट, पाणचट. कवचही जाड.

“कसा आहे?” समोरच्या बाईंनी विचारलं.

“छान,” व्हर्ना म्हणाली आणि तोंड पुसत मागच्या दाराने बाहेर पडली.

तिचा धाकटा भाऊ एलवुड मोठ्या पातेल्यांपाशी घामाघूम उभा होता.

“हे कुठून आणलेस?”

“कुठून म्हणजे? कॅप्टन ऑरिनकडून.”

“लुइझियानाचे आहेत.”

“टोपल्या त्याच्या होत्या.”

“टोपल्या त्याच्या असतील रे. खेकडे कुणाचे?”

“मी काय एकेकाला पत्ता विचारत बसू?” एलवुड म्हणाला, पण झाकण जरा जोरातच आपटलं.

ऑरिन टायलर म्हणजे खेकडेवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष. बाहेरचा माल खाडीचा म्हणून विकल्याबद्दल गेल्या उन्हाळ्यात त्यानेच एका हॉटेलवाल्याला दारोदार माफी मागायला लावली होती. यंदा खाडी रिकामी होती. पण व्हर्नाची मागणी आली तेव्हा ‘माझ्याकडे नाहीत’ एवढे शब्द काही त्याच्या तोंडून निघाले नसावेत. दक्षिणेचा ट्रक गाठणं त्याला सोपं गेलं.

ती आत आली तर केलर टेबलाशी बसलेला, गळ्यात प्लास्टिकचं लाळेरं, शेजारी स्थानिक वर्तमानपत्राची बातमीदार. तिकीट काढून आलेल्याला हाकलता येत नाही. भाषणं संपून प्रश्न सुरू झाले तसा तो उठलाच.

“व्हर्नाबाई, खाडीच्या लेकीला एकच विचारतो. हे खेकडे कुठले? ट्रकवाल्याशी बोलूनच आलोय, तेव्हा विचार करून सांगा.”

कवचं फोडणाऱ्या लाकडी हातोड्यांची टकटक थांबली. एकाही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. सगळ्यांनीच पहिल्या घासाला ओळखलं होतं आणि माना खाली घालून सभ्यपणे चावत होते.

व्हर्नाने ऑरिनकडे पाहिलं. तो कागदाने एकेक बोट पुसत होता. वर बघेना.

त्याचं नाव घेतलं तर ती सुटणार होती, पण निम्मी शेड त्याच्या नात्यातली. माहीत नाही म्हणावं, तर केलरकडे ट्रकवाला. अंगावर घ्यावं, तर ‘खाडीची लेक’ हा सोमवारपर्यंत काउंटीभरचा विनोद.

“लुइझियानाचे,” ती माइकवर म्हणाली. “माझ्या नावाची जेवणावळ, माझी जबाबदारी. इथे पुरेसे मिळाले नाहीत. तशी पाटी लावायला हवी होती, ती लावली नाही. चुकलं.”

“मग मतंही तिकडूनच मागवा,” केलर म्हणाला. त्याची माणसं हसली.

एक बाकडं कुरकुरलं. डेल रगल्स उठला, बायकोने पर्स उचलली. मागच्या टेबलावरचे दोघे उठले. व्हर्ना माइक धरून उभी राहिली.

तेवढ्यात ऑरिनने ढिगातला एक खेकडा ओढला, उलटा केला, बोटांनीच उघडून मधोमध मोडला आणि खायला लागला. सावकाश, एकेक कप्पा साफ करत. बाहेरच्या खेकड्याला बोटही न लावणारा माणूस. डेलने ते पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि खाली बसला. मागचे दोघेही बसले. कुणी टाळी वाजवली नाही. मग केलरलाही बसावं लागलं, आणि बसल्यावर खावं लागलं. त्याने खेकड्याच्या पाठीत हातोडा घातला.

“अहो, नांग्यांना मारायचा तो,” शेजारची म्हातारी म्हणाली. “आता निवडत बसा मांसातली कवचं.”

टेबलं आवरताना ऑरिन व्हर्नाजवळ आला.

“पोरी, धक्क्यापुढचा गाळ. पहिल्या अंदाजपत्रकात निघेल ना?”

गाळ तिच्या वचनांत आधीपासूनच होता. पण आता त्याला सौद्याचा वास येत होता.

“निघेल. त्याआधी दुसरं एक काम. बाहेरच्या मालावर पाटी लागणार. हॉटेलात, दुकानात आणि धक्क्यावरही.”

“धक्क्यावर कशाला?”

“तुम्हीच सांगा कशाला.”

त्याच्या एका शब्दासरशी ही सगळी टेबलं मंगळवारी केलरकडे गेली असती, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

“नाव का नाही घेतलंस माझं?”

“जेवणावळ माझी होती.”

“कारभारीण झालीस तर फार त्रास देशील तू.”

“देईन.”

“केलर नाही देणार.”

“नाही देणार. त्याला धक्का कुठे आहे तेच माहीत नाही.”

ऑरिनने टोपी डोक्यावर दाबली आणि दारातल्या घोळक्याकडे वळला. “मंगळवारी पिंजरे उचलून झाले की थेट मतदानाला या. घरी जाऊन लोळत पडू नका.”

“आणि मत कुणाला, कॅप्टन?” डेलने विचारलं.

“आज इथे खरं कोण बोललं, ते आठव,” ऑरिन म्हणाला, आणि गाडीकडे चालू लागला.