कोऱ्या जागेखाली चौदा सह्या

आमचा पक्ष मेला तेव्हा मी त्या सभागृहात होतो, आणि त्याला मारणाऱ्या मतांत माझंही एक मत होतं. हे आधीच सांगतो. पुढे मी पॅरिसवाल्यांना शिव्या घालणार आहे, तेव्हा मला कुणी साधू समजू नये.

मी तिएरचा, फ्रान्समधल्या सुऱ्या बनवणाऱ्या गावचा. बाप नदीकाठी फळीवर पालथा पडून पाती घासायचा, उबेसाठी पायांवर कुत्रा घेऊन. मी उभ्यानं घासली, एवढाच काय तो फरक. पंचवीस वर्षांपूर्वी एक वक्ता आला नि म्हणाला, माणसाच्या वतीनं दुसऱ्यानं ठरवू नये. सरकारनं नाही, साहेबानं नाही, युनियननंही नाही. मला ते असं पटलं की उदारमतवादी पक्षाची तिएर शाखाच मी काढली. कारखान्यातले मला मालकाचा कुत्रा म्हणायचे. म्हणोत.

चौदा सभासद आणि कॅफेची मागची खोली. आमचे मंत्री झाले, पडले. पक्षाचं नाव दोनदा बदललं, दोनदा मी पाटी रंगवली. दर वसंतात पॅरिसहून मुखत्यारपत्रं यायची: अधिवेशनाला येणं जमत नसेल तर खाली सही करा, तुमच्या वतीनं मत कोण देणार ती जागा कोरी ठेवा, आम्ही भरू. मी घरोघर फिरून सह्या आणायचो. त्या वर्षीही आणल्या, पाठवल्या.

जूनमध्ये पेपरात वाचलं, पक्ष मोडून सत्तेतल्या मोठ्या पक्षात घालणार. सप्टेंबरच्या अधिवेशनात फक्त शिक्का मारायचा बाकी.

कॅफेत लेओंस खाटीक टेबलावर हात आपटत म्हणाला, "मला न विचारता माझं लग्न लावतायत! तेही या वयात!"

ऑर्तांसबाई म्हणजे आमच्या निवृत्त शिक्षिका, वय एक्याऐंशी. त्या म्हणाल्या, "बडबड पुरे. हात वर करा." चौदाच्या चौदा हात विरोधात. ठराव खिशात घालून मी गाडीत बसलो.

पॅरिसच्या सभागृहाच्या दारात तांगी नावाचा पोरसवदा अधिकारी यादी घेऊन बसलेला.

"तिएर? तुमची चौदा मतं दिली गेलीत, मस्यू फिर्मँ."

"कुणाला?"

"पक्षाच्या एक बाई उमेदवार आहेत, त्यांना. तुमच्या वतीनं त्याच मत देतील."

"मी त्यांना ओळखतही नाही! आम्ही विरोधात आहोत, हा ठराव बघ. निदान माझं तरी परत दे."

"आता नाही होणार. सही तुमचीच आहे ना? जबरदस्ती कुणी केली नव्हती." आणि हसून वर म्हणतो कसा, "व्यक्तीची स्वतंत्र इच्छा. आपलं तत्त्वच आहे ते."

त्याच्या कानाखाली वाजवली नाही, याची मला आजही लाज वाटते.

आत पाहुण्यांच्या रांगेत बसवलं मला. पाहुणा! पुढे निळ्या कोटातल्या त्याच उमेदवार बाईनं आमची मतदानाची कार्डं पत्त्यांसारखी पसरून वर केली. त्यात ऑर्तांसबाई होत्या, लेओंस होता, मी होतो. मी उठून ओरडलो, "तिएर विरोधात आहे!" व्यासपीठावरून आवाज आला, "पाहुण्यांनी कृपया शांत बसावं." एवढंच. पक्ष संपला. टाळ्या पडल्या.

परत येऊन मी कॅफेत तासभर आगपाखड केली. ऑर्तांसबाईंनी ऐकून घेतलं, मग चष्मा काढला.

"फिर्मँ, दरवर्षी ती कोरी जागा माझ्यापुढे कोण धरायचं?"

"मी."

"आणि मी शाळामास्तरीण असून सही करायची. पॅरिसला घाल शिव्या, पण थोड्या आपल्यासाठीही ठेव."



महिन्याभरात नव्या पक्षाचं पाकीट आलं. न मागता चौदा सभासदकार्डं, आणि सोबत तीच मुखत्यारपत्रं, तीच कोरी जागा. मी फाडायला घेतली, तर ऑर्तांसबाईंनी आपलं ओढून घेतलं. कोऱ्या जागेत ठसठशीत अक्षरात स्वतःचंच नाव लिहिलं.

"सभासद त्यांनीच केलंय ना मला? मग नाही म्हणायला मीच जाणार. गाडी किती वाजता असते रे?"