ॲन्सेल्म श्वास कधी घेतो

पापडीच्या बँडात ॲन्सेल्म बावीस वर्षं ट्रॉम्बोन वाजवत होता, आणि १९५३ च्या सणाला त्याचा दम तुटला. मिरवणूक वेशीवरच्या क्रुसापाशी थांबली की फादरांचं पवित्र पाणी शिंपडून होईपर्यंत शेवटचा सूर धरायचा, ही गावाची रीत. फादरांचा हात अजून हवेत होता आणि ॲन्सेल्मचा सूर म्हशीच्या रेकण्यासारखा खाली घरंगळला.

बँडमास्तर प्लासिडने सणाचं जेवण होईपर्यंत धीर धरला. मग म्हणाला, "पुढच्या सणाला सूर तुटला तर ट्रॉम्बोन सॅन्टनकडे. तू मोठा ढोल घे. त्याला दम लागत नाही."

क्लॅरिनेटवाल्या सॅन्टनने लगेच हात धुतले आणि ट्रॉम्बोन किती जड आहे ते उचलून पाहिलं.

आठवड्याने ॲन्सेल्म सायकल हाणत अर्नाळ्याला गेला. तिथला रामनाथ लग्नांत सनई वाजवायचा आणि अर्धा अर्धा तास सूर मोडत नसे.

"गालात वारा साठवायचा," रामनाथ म्हणाला. "तो तोंडातून ढकलायचा, तेवढ्यात नाकातून नवा घ्यायचा. पन ॲन्सेल्मभाऊ, सनईला वारा घोटभर लागतो. तुझ्या नळीला पोतंभर."

"मग आधी घोटभराचंच शिकव."

सहा महिने तो पेल्यातल्या पाण्यात पपईच्या देठाची नळी घालून बुडबुडे काढत बसला. बुडबुडा तुटला की पुन्हा पहिल्यापासून.

"पेज निवली," बायको हिल्डा म्हणायची. "का तीपण फुंकणार?"

मग सनई आली, मग ट्रॉम्बोन. गाल फुगवले की ट्रॉम्बोनचा सूर फाटायचा. ओठ घट्ट आणि गाल सैल ठेवणं जमायला आणखी चार महिने गेले. जमलं ते फक्त हळू सुरात, पण असं जमलं की एका सुरात हिल्डाच्या दहा नमो मारियाच्या प्रार्थना म्हणून झाल्या.

सण आला. ट्रॉम्बोनची दांडी पुढे हातभर सरकते, म्हणून ॲन्सेल्म नेहमीसारखा सगळ्यांच्या पुढे एकटा, बाकीचे अकरा मागे. नवं कसब क्रुसापर्यंत राखून ठेवावं एवढा संयम त्याच्याकडे नव्हता. देवळातून निघाल्यापासून त्याने सूर सोडलाच नाही, अगदी कडवं संपलं तरी.

पहिल्या वळणावर एक कॉर्नेट बंद पडला. चिंचेखाली दुसरा. सॅन्टनच्या क्लॅरिनेटमधून एक किंकाळी निघाली आणि तो कुंपण धरून उभा राहिला. क्रुसापाशी पोहोचले तेव्हा ट्रॉम्बोन आणि ढोल एवढेच वाजत होते. शेवटचा सूर मात्र फादरांनी पाणी शिंपडून, भांडं देऊन, चष्मा पुसेपर्यंत टिकला.

"धरला ना?" ॲन्सेल्मने विचारलं.

प्लासिड स्वतः कॉर्नेट वाजवायचा. त्याचा चेहरा अजून जांभळा होता. "अरे, बावीस वर्षं आम्ही तुझ्या पाठीकडे बघून श्वास घेतोय. तुझे खांदे वर गेले की आम्ही घेणार. आज खांदे हललेच नाहीत."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"आम्हाला तरी आजपर्यंत कुठं माहीत होतं?"

"मास्तर, ट्रॉम्बोन मला नको," कुंपणाकडून सॅन्टन म्हणाला. "पुढं राहून अकरा जणांचा जीव सांभाळायचा, माझ्याच्यानं नाही होणार."

प्लासिडने तिथेच निकाल दिला. ट्रॉम्बोन ॲन्सेल्मकडेच. श्वास त्याने घ्यावा की न घ्यावा, त्याची मर्जी. प्रत्येक ओळ संपली की खांदे मात्र उचलायचे.

पण आपण आजवर नेमके कुठे श्वास घेत होतो, हे ॲन्सेल्मला आठवेना. मग तो घरी वाजवायला लागला की हिल्डा मागे पाटावर बसून त्याची पाठ बघायची आणि विचारायची, "आत्ता उचललेत?"

"नाही, डास होता."

महिन्याभराने गावातल्या मार्गारेटच्या लग्नात बँड वाजला. मधल्याच एका ओळीत ॲन्सेल्मला नव्या सदऱ्याची कॉलर टोचली. त्याने खांदे जरासे झटकले, आणि ढोलवाल्यासकट मागच्या अकराही जणांनी वाजवणं थांबवून पोटभर श्वास घेतला.