चार बोटं खिडकी

“म्हणजे भिंतीला भोक पाडल्याशिवाय ही शेकोटी पेटणारच नाही, असं म्हणायचंय तुला?” जयदीपने विचारलं.

धम्मपालच्या हातातली मोजपट्टी सर्रकन मिटली. ती खिशात घालत तो म्हणाला, “पेटेल साहेब. पण धूर खोलीतच राहील. हा धूर दिसत नाही, त्याला वासही नाही. सोबतच्या पुस्तकात पानोपानी लिहिलंय, धुराडं बाहेर काढा म्हणून. काल माझ्या मुलीनं वाचून दाखवलं.”

“अरे, पण मागं अर्जुनरावाची हद्द आहे. त्या भिंतीला खिळा ठोकला तरी तो कोर्टात जाईल. वरून न्यायचं तर माझ्या बेडरूमचा मार्बल फुटतो. तू काहीतरी जमव ना राव. इतकी वर्षं काम करतोयस.”

माण गावातल्या त्या नव्या बंगल्याच्या तळमजल्यावर जयदीपच्या वडिलांची, आबाजींची, खोली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून ते अंग कायम गार असायचं. डिसेंबर लागला की दोन घोंगड्या आणि एक रजई घेऊनही त्यांचे दात वाजायचे. जयदीप सहा वर्षं कॅनडात एका लहानशा गावात राहून आला होता. तिथे घरोघरी भिंतीत, काचेच्या आड, गॅसची शेकोटी असायची. खोट्या लाकडांमधून खऱ्या ज्वाळा यायच्या. तशीच एक त्याने वडिलांसाठी मागवली होती. खोकं बंदरात दीड महिना अडकलं, त्याच्या मागे लागून त्याने ते सोडवून आणलं. बापावर त्याचा जीव होता, यात काही खोटं नव्हतं.

आणि ती शेकोटी बसवायला गॅस एजन्सीने धम्मपालला पाठवलं होतं.

धम्मपाल कासारवाडीचा. भोसरी-चाकणच्या कंपन्यांच्या कँटीनमध्ये गॅसच्या लाइनी टाकण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. एजन्सीतली पोरं त्याला मागून ‘घाबरट धम्मा’ म्हणायची. सांधा जोडला की तो साबणाचं पाणी लावून बघायचा, चहा पिऊन यायचा आणि पुन्हा लावून बघायचा. बावीस वर्षांत त्याच्या हातची एक लाइन गळली नव्हती. पण तो फक्त गॅसलाच भ्यायचा असं नव्हतं. तो माणसांनाही भ्यायचा. त्याचे वडील साहेबराव कंपनीच्या गेटवर उभं राहून मॅनेजरला नाव घेऊन जाब विचारायचे, आणि हा मुलगा रेशनच्या रांगेत कुणी पुढे घुसलं तरी पायाकडे बघत उभा राहायचा. मोठ्या आवाजात कुणी बोललं की त्याच्या तोंडातून आपोआप ‘हो’ निघायचं.

त्या दिवशीही तसंच झालं.

त्याने कॉपरचा पाइप ओढला, बाहेरच्या पिंजऱ्यातल्या सिलिंडरला जोडला, सांधे तपासले. शेकोटी पेटवली. ज्वाळा उठल्या तशी आबाजींची मान वर झाली आणि ते लहान मुलासारखे हसले. “ब्येस हाय,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडातून एवढंच स्पष्ट यायचं.

चार मिनिटांनी शेकोटी विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. धूर उलटा फिरला की गॅस बंद करणारं एक बटणाएवढं यंत्र आत होतं, ते आपलं काम करत होतं. धम्मपालला ते लगेच समजलं. त्याला बरंही वाटलं. आता तरी साहेबांना पटेल.

जयदीपने त्याच्यासमोरच एजन्सीच्या मालकाला, ज्ञानदेवला फोन लावला, दोन वाक्यं बोलला आणि फोन धम्मपालच्या हातात दिला.

“त्या सेन्सरच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाक आणि मोकळा हो,” ज्ञानदेव म्हणाला.

“शेठ, पण ते धोक्याचं…”

“अर्धा तास लावतील, बंद करतील. म्हातारा काय रात्रभर शेकत बसणार आहे? त्यांच्या तीन साइट्सचं काम आहे आपल्याकडे. तुला जमत नसेल तर सांग, दुसऱ्याला पाठवतो. आणि मग उद्यापासून तूही येऊ नकोस.”

धम्मपालने फोन परत दिला. जयदीप हाताची घडी घालून उभा होता.  धम्मपाल गुडघ्यांवर बसला, खालची पत्र्याची झडप काढली, दोन्ही वायरी सोलल्या आणि एकमेकींना पीळ दिला. वर चिकटपट्टी गुंडाळली. पहिला पीळ सुटला, म्हणून त्याला दोनदा करावं लागलं.

शेकोटी पेटली ती पेटलीच.

जयदीपला चाकणला मीटिंग होती. तो कपडे बदलून आला आणि गाडीची किल्ली बोटात फिरवत दारात थांबला. धम्मपाल हत्यारं आवरत होता. जयदीपची आई, मंजुळाबाई, त्याच्यासाठी चहा घेऊन आली. सत्तरी उलटलेली, ठेंगणी बाई, कपाळावर गोंदण.

“आई,” धम्मपाल हळू आवाजात म्हणाला, “ही खिडकी चार बोटं उघडी ठेवायची. शेकोटी चालू असली की बंद नाही करायची. बरं का?”

“का रं बाबा? वारं येतं ना त्यातनं.”

धम्मपालने दाराकडे पाहिलं. जयदीप त्याच्याकडेच बघत होता. खरं तर त्याला म्हणायचं होतं, आई, बंद केलीत तर झोपेतच जाल. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं.

“हवा खेळती राहावी म्हणून,” तो म्हणाला.

“बरं,” मंजुळाबाई म्हणाली.

मोटारसायकलवरून परतताना, हिंजवडीचा पूल ओलांडेपर्यंत त्याने स्वतःची समजूत घातली. अर्धा तास तर लावणार. खिडकी आहे. म्हातारी ऐकणारी वाटली. वाकडला सिग्नलला थांबला तेव्हा थंड वाऱ्याने त्याने जर्किनची चेन गळ्यापर्यंत ओढली, आणि ओढता ओढता त्याचा हात तिथेच राहिला. माणला तर डोंगरावरून सरळ वारा येतो. शेकोटी लावली आहे ती म्हाताऱ्याला थंडी वाजू नये म्हणून. मग त्याच्या उशाशी ती बाई खिडकी उघडी ठेवेल? कोण ठेवेल?

मागून हॉर्न वाजले. त्याने गाडी बाजूला घेतली. जयदीपला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा कट केला. तिसऱ्यांदा लागलाच नाही. मंजुळाबाईचा नंबर त्याच्याकडे नव्हता. ज्ञानदेवला लावला.

“शेठ, तिथे कुणाला तरी सांगा, खिडकी…”

“धम्मा, घरी जा आणि झोप,” असं म्हणून ज्ञानदेवने फोन ठेवला.

घरी जा. कासारवाडी पंधरा-वीस मिनिटांवर होती. परत गेलो आणि काहीच झालेलं नसलं तर जयदीपसाहेब काय म्हणतील, हे त्याला शब्दाशब्दाने ऐकू येत होतं. नोकरी जाईल. बावीस वर्षांनंतर पोरं हसतील. आणि गेलो नाही तर?

त्याने गाडी वळवली.

कंपन्या सुटायची वेळ झाली होती. आयटी पार्कच्या बसेस, कॅब आणि दुचाकींनी रस्ता गच्च भरला होता. तो फुटपाथवरून गेला, उलट्या बाजूने गेला, कुणीतरी आईवरून शिवी दिली.  मनात तो मिनिटं मोजत होता. मी निघालो साडेचारला. आता सहा वाजायला आले. केवढी खोली ती, बारा बाय चौदा. दीड तास.

बंगल्याच्या फाटकाशी पोचला तेव्हा सगळं शांत होतं. दार आतून लावलेलं. त्याने बेल वाजवली, दार ठोकलं, “आई! ओ आई!” म्हणून ओरडला. बाजूला धावत जाऊन खिडकीशी गेला. खिडकी बंद होती. नुसती बंद नव्हती, फटीत जुन्या लुगड्याची चिंधी कोंबलेली होती. काचेवर आतून वाफ धरली होती आणि त्या वाफेमागे शेकोटीचा तांबूस, ऊबदार उजेड हलत होता.

त्याने सिलिंडरचा कॉक बंद केला. पिशवीतला मोठा पाना काढून काच फोडली. तोंड वळवून छातीभर श्वास घेतला, हात आत घालून कडी काढली आणि आत उडी मारली.

आबाजी उशीवर मान टाकून पडले होते. गाल गुलाबी झाले होते. दोन वर्षांचा आजारी माणूस एकदम तजेलदार दिसावा तसे. या विषारी धुराने गाल असेच लाल होतात, हे धम्मपालला ठाऊक होतं. मंजुळाबाई कॉटच्या पायाशी भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धवट उघडे, पण नजर कुठेच नव्हती. त्याने आधी दार उघडलं. आबाजींच्या अंगाखालच्या चादरीची दोन टोकं मुठीत धरली आणि त्यांना फरशीवरून फरफटत पोर्चमध्ये आणलं. दम कोंडला, बाहेर येऊन श्वास घेतला, पुन्हा आत गेला. मंजुळाबाईला काखेत हात घालून उचललं. तिचं वजन ते काय, पण मेलेल्या माणसासारखी ती जड लागली.

“कुणी आहे का! धावा हो!”

शेजारच्या कंपाउंडवरून एक पांढऱ्या मिशांचा माणूस डोकावला. तोच अर्जुनराव. आबाजींचा चुलतभाऊ, नऊ वर्षं या दोन घरांमध्ये बोलणं नव्हतं. त्याने पोर्चमधलं दृश्य पाहिलं आणि तो वयाला न शोभेल अशा चपळाईने भिंत ओलांडून आला.

“आबाला काय झालं रं?”

“गॅस. गाडी आहे का तुमच्याकडे?”

अर्जुनरावाने काही विचारलं नाही. जीप आणली. चुलतभावाला त्याने एकट्याने उचललं आणि मागच्या सीटवर स्वतःच्या मांडीवर घेतलं. मंजुळाबाईला पुढच्या सीटवर टेकवून गाडी धम्मपालने चालवली. मागून अर्जुनराव सारखा म्हणत होता, “आबा, ए आबा, डोळं उघड की.”

दवाखान्यात त्यांना आत नेलं, तोंडाला ऑक्सिजन लावला. खोलीत काय पेटवलं होतं, किती वेळ, असं डॉक्टरने विचारलं तेव्हा धम्मपालने सगळं सांगितलं, मिनिटांसकट.

तासाभराने जयदीप आला. काचेतून वडिलांना पाहून तो भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला आणि रडला. मग पोलीस आल्याचं कुणीतरी सांगितलं. त्याने डोळे पुसले आणि धम्मपालला कोपऱ्यात घेतलं.

“ऐक. नवीन मशीन होतं, धुराडं लागतं हे तुला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. एवढंच बोलायचं. तुझाही वकील मी देतो. तुझी मुलगी शिकतेय ना?”

धम्मपालने मान हलवली. ती हो होती की नाही, त्यालाही सांगता आलं नसतं. पोलीस हा शब्द ऐकूनच त्याला लघवीला लागली होती.

हवालदार वयस्क होता. त्याने बाकावर कागद ठेवला, पेनाचं टोपण दाताने काढलं. “हां. शेकोटी कुणी बसवली?”

“मी.”

“धूर बाहेर जावा लागतो, माहीत नव्हतं ना?”

मागे जयदीप उभा होता. त्याच्या बुटांची टोकं धम्मपालला दिसत होती. वाट सोपी होती; हवालदारानेच पुढे करून दिली होती. तोंडातून आता नेहमीसारखं ‘हो’ निघणार असं धम्मपालला वाटलं. 

“माहीत होतं,” तो म्हणाला.

“काय?”

“माहीत होतं साहेब. यांना मी सांगितलं होतं. शेठलाही. मशीन आपोआप बंद होत होतं, तर त्याच्या वायरी मी जोडल्या. या हातांनी. असंच लिहा.”

हवालदाराने त्याच्याकडे पाहिलं. “अहो, अडकाल.”

“हो,” धम्मपाल म्हणाला. त्याचे दात वाजत होते. “पण असंच लिहा.”

पुढे केस उभी राहिली, तिघांवरही. ज्ञानदेवने त्याला दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं, आणि कोर्टाच्या तारखांना जाताना आदल्या दिवसापासून त्याला जेवण जायचं नाही. पण ते सगळं नंतरचं.

सही करून तो व्हरांड्यात आला. मंजुळाबाई बाकावर बसली होती. तिला तासाभरात शुद्ध आली होती; मास्कचे वळ अजून गालांवर होते. धम्मपाल तिच्यासमोर, भिंतीला टेकून, जमिनीवर बसला.

“तू हाका मारत व्हतास,” ती म्हणाली, “त्या मला समद्या ऐकू येत व्हत्या. पर त्वांड उघडंना. हात उचलंना. मला वाटलं, मेल्यावर असंच आसंल.”

तिने गालावरचा वळ चोळला.

“खिडकी म्याच लावली. ह्यांना वारं लागत व्हतं. तू सांगितलं व्हतंस तरी लावली.”

“नाही आई. मी नीट सांगितलं नव्हतं. मला सांगायचं होतं, आणि मी भ्यालो.”

मंजुळाबाईने त्याच्याकडे पाहिलं. ती रागावली आहे की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि नर्स म्हणाली, “आबाजींचे कोण? डोळे उघडलेत त्यांनी. बोलत नाहीत अजून, पण ओळख पटतेय असं वाटतंय. हळू या.”

जयदीप जिन्यापाशी वकिलाशी फोनवर बोलत होता, त्याला ऐकू गेलं नाही. मंजुळाबाई उठली. दोन पावलं टाकली आणि गुडघे दुमडले. धम्मपालने पुढे होऊन सावरलं तशी तिने त्याच्या खांद्यावर हात टाकला.

दाराशी आल्यावर तो थांबला. आत जाण्याचा आपल्याला काय हक्क, असं त्याच्या मनात आलं. त्याने खांदा हळूच सोडवून घ्यायला पाहिलं. पण मंजुळाबाईची बोटं त्याच्या जर्किनमध्ये रुतलेली होती, आणि ती काही ढिली होईनात.

मग त्याने पायातल्या चपला दाराबाहेर काढल्या आणि तिच्या पावलाने, हळूहळू, तो आत गेला.