बिनपायाचा एक्स

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. मोताळ्याच्या बाजाराला लागून पंजाबरावांचा छापखाना होता आणि जानराव तिथं खिळे जुळवायचा. एकेका अक्षराचा शिशाचा एकेक खिळा. बोटानं उचलायचा, ओळीत उभा करायचा. आज म्हातारपणी डोळे मिटले, की जानरावाला तो शाईचा आणि रॉकेलचा वास येतो. त्या वासामागून येतो तानाचा आवाज.

ताना त्याची लेक, आठवीतली. बीजगणितात दोनदा नापास. फळ्यावरचं गणित चटकन सोडवायची, पुस्तकातलं आलं की बावरायची. रागाच्या भरात जानराव बोलून गेला होता, "आता नापास झाली, तं शाळा बंद. मायसंगं कापूस वेचाले जाजो." जानरावाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तानाची माय सिंधूताई तेव्हापासून त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

राग उतरल्यावर त्यानं विचारलं, "पुस्तकातलं काऊन येत नाही वं?"

"बाबा, फळ्यावरचा एक्स दोन काड्यांचा असते. पुस्तकातल्याले पाय, शेपट्या. मले वाटते, तो पळून राह्यला."

जानराव हसला नाही. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण अक्षरांचे पाय त्याच्याइतके कोणी पाहिले होते? तो गणिताच्या उत्तमराव मास्तरांकडे गेला.

मास्तर म्हणाले, "अर्ध्या वर्गाची हीच गत हाय, जानराव. मी गणितं लिहून देतो. फळ्यावरच्यासारख्या अक्षरात सोळा पानं छापून देता काय?"

छापखान्यात तसा एक टाईप होता. सरळ, सपाट, बिनपायाचा. जिनिंगवाल्यांच्या कापसाच्या गठाणींची लेबलं त्यात छापायचे. जानरावानं त्याची केस, म्हणजे खिळ्यांची खणाखणांची पेटी, उघडली. एम ढिगानं होते, एक्स मात्र अकराच. कापसाच्या गठाणीला एक्स लागतो कशाला!

पान अर्धंही झालं नाही, तोच एक्स संपले. उजळणीच्या पुस्तकांसाठी आणलेल्या गुणाकाराच्या फुल्या मात्र शेकड्यानं पडून होत्या. बिनपायाच्या एक्सशेजारी ठेवल्या तर जुळी भावंडंच. जानरावानं त्या लावून टाकल्या आणि स्वतःवरच खूश झाला. शाळा सुटल्यावर ताना आली, तेव्हा त्यानं ओलं प्रूफ तिच्याच हाती दिलं.

तानाचं बोट मध्येच अडलं. "बाबा, तीन गुणिले, अधिक पाच? कायनं गुणाचं?"

"एक्सच हाय तो."

"नाही. एक्स खाली बसते, हे थोडं वर हाय. हा गुणाकार हाय. पोरं रडतील ना, बाबा."

पंजाबराव गादीवरून खदखदले. "जानराव, पोरगी तुमच्या चुका काढून राह्यली! तिलेच ठेवतो मी कामावर." मग त्यांचा आवाज उतरला. "पण नवे खिळे यायले महिना लागते. परीक्षा पंधरा दिवसांवर. राहू द्या हे पुस्तक."

जानरावाला आपलं रागातलं बोलणं आठवलं. शब्द आपला, आणि फास लेकीला.

ताना केसपाशी उभी होती. "बाबा, हे कोणतं, एवढं ढीगभर?"

"एम."

"मंग हेच लावा."

"येडी झाली काय? मास्तरनं एक्स लिहेल हाय."

"एक्स म्हणजे ठाऊक नसलेला आकडा, बाबा. त्याले एम म्हणा का पंजाबकाका म्हणा, उत्तर तेच येते."

"मले कायले गुणते वं?" पंजाबराव म्हणाले.

तानानं प्रूफच्या कोऱ्या कडेवर लिहिलं. तीन एम अधिक पाच बरोबर सतरा. खाली दोन ओळी, आणि शेवटी चार.

सांजच्याला मास्तर आले. त्यांनी ती कड वाचली, चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा वाचली. "वर्षभर हेच सांगून राह्यलो मी," ते हळूच म्हणाले. "लावा एम, जानराव."

जानरावानं शाईचे हात धुतले आणि घर गाठलं. सिंधूताई चुलीपुढं भाकरी थापत होती. तो उंबऱ्यातच थांबला.

"मी बोललो होतो ते मांगं घेतो. निकाल काही लागो, पोरीची शाळा सुटनार नाही."

थापणारे हात थांबले. सिंधूताईनं वर पाहिलं. कितीतरी दिवसांनी पाहिलं.

"उभे काऊन राह्यले?" ती म्हणाली. "बसा. भाकर गरम हाय."