राजव्वाचा तरवड

राजव्वा जवळून गेली की आधी तरवडाच्या सालीचा वास यायचा, तुरट, जिभेच्या मुळाशी कोरड आणणारा. मग तिचे हात दिसायचे, मनगटापर्यंत विटकरी झालेले. तो रंग साबणाने जात नव्हता आणि घालवावा असं तिला कधी वाटलंही नाही. उदगीरजवळच्या त्या गावात ती चामडं कमावणाऱ्या घरची सून. उतारावरचा तरवड छाटायचा, साल सोलून कुटायची, पाण्यात भिजत घालायची आणि त्या पाण्यात कातडं मुरवायचं, हे तिचं काम. त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती, गुरं बसल्या जागी मरत होती आणि कातड्याला तोटा नव्हता. "सगळ्यांचं काम बसलंय, माझंच तेवढं वाढलंय," ती कोरडेपणाने म्हणायची. त्यात आनंद नव्हता आणि रडगाणंही नव्हतं.

शिवार राखेसारखं करडं पडलेलं असताना गायरानाच्या उतारावर तेवढा तरवड पिवळाधमक फुललेला असायचा. चुरगळलेल्या रेशमासारख्या त्याच्या पाकळ्या ऊन करपवायला लागलं की जास्तच उजळत. गुरं या झुडपाला तोंड लावत नाहीत. म्हणून कुणाला न जुमानणाऱ्या बाईला त्या गावात 'तरवड' म्हणायची रीत होती, आणि राजव्वाला हे नाव लग्नानंतर वर्षभरातच मिळालं. तिचं माहेर बिलोलीकडचं, घरात तेलुगू. तिकडे याच फुलाला तंगेडू म्हणतात, नवरात्रात त्याची रास रचून बायका भोवती फेर धरतात. त्यामुळे "तरवड हाय नुसती" असं सासू पहिल्यांदा म्हणाली तेव्हा सुनेला ती स्तुतीच वाटली. पुढे खरा अर्थ कळला, तरी तिने आपलं मत बदललं नाही.

जिल्हा तेव्हा नवा झाला होता. लातूरच्या कचेऱ्यांच्या भिंतींचा चुना अजून हाताला लागत होता. अशाच एका कचेरीत मी नुकती लागले होते आणि कुठल्या गायरानावर काय उगवतं याचे तक्ते भरत गावोगाव हिंडत होते. तक्त्यात शेवटी 'उपयोग' असा बोटभर रकाना होता. पारावर बसलेल्या एका शेतकरी काकांना मी विचारलं. "ढोरं खाईनात त्याला," ते म्हणाले. मी लिहिलं: तरवड, उपयोग नाही. माझं बालपण लातूरच्या बाजारात दुकानाच्या ओट्यावर गेलेलं. उतारावर चढून तिथे राबणाऱ्या बाईला विचारावं, हे मला सुचलं नाही. चूक माझी होती.

नवरात्राला आठवडा उरला असताना माझ्या त्या दोन शब्दांचा हुकूम होऊन आला. तरवड मुळासकट काढा, निलगिरीसाठी खड्डे घ्या. कचेरीतले साहेब आणि मी पोचलो तेव्हा दुष्काळी कामावरच्या बायका कुदळी टेकवून उभ्या होत्या आणि उताराच्या मध्यावर, भर दुपारी, राजव्वा मांडी घालून बसली होती.

"कुणी लिव्हलं हे?" माझ्या हातातल्या तक्त्याकडे बोट करत तिने विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"मग वाच की."

मी वाचलं, 'तरवड, उपयोग नाही.' ती हसली आणि बायकांकडे वळली. "ऐकलं का गं? उपेग न्हाई म्हनं. सगुणा, तुझ्या पदराखाली काय हाय?"

"तरवडाचा पाला."

"कशाला ठिवलास?"

"डोस्कं तापू नये म्हणून."

"आन् औंदा घटाला माळ कशाची घालतीस? झेंडू तर जळून गेला."

"बाईच्या कागदाची घालू की!" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळा उतार हसला.

साहेब हसले नाहीत. "मावशी, हुकूम झालाय. उठा, नाहीतर सगळ्यांचंच काम बंद पडेल."

हसू थांबलं. त्या कामावर कितीतरी चुली पेटत होत्या. राजव्वाने ते ओळखलं, पण ती उठली नाही.

"काम बंद कशापायी? खड्डे पायजेत ना तुमाला? खाली पड जमीन हाय, तिथं घ्या, मीबी येते कुदळ घेऊन. हितं न्हाई. मी काय हट्ट करायलेय का, साहेब? साल न्हाई तर माझं घर न्हाई. मला आधी उपटा, मग ह्याला."

सगुणाने कुदळ खांद्यावर टाकली आणि ती खालच्या पडीक जमिनीकडे चालू लागली. तिच्यामागून बाकीच्या.

मी पेनाचं टोपण काढलं, माझे दोन शब्द खोडले. "सांगा," म्हणाले. राजव्वा सांगत गेली, रकाना पुरला नाही, मी कागद उलटा केला. खाली सही केली.

"याचा जाब तुम्हाला द्यावा लागेल," साहेब म्हणाले.

दिला. लेखी दिला. उतार वाचला.

राजव्वा गेली त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. कंधारच्या बसमधून मी अजून तिथून जाते. गावात चामडं कुणी कमावत नाही. उन्हात डोक्याला टोप्या आल्या, घटाला बाजारचा झेंडू आला. तिने सांगितलेले आणि मी लिहून घेतलेले उपयोग एकेक करत गळून गेले, सांगणारीही गेली. तरी तो उतार दर आश्विनात कुणाची परवानगी न घेता पिवळा होतो. उपयोग संपल्यावर माणसाची आठवणसुद्धा लोक पुसून टाकतात; पण एका बाईने एका दुपारी बसून राखलेलं जे आहे, ते मात्र अजून मुळं धरून काळाला पुरून उरलं आहे.